गोळीत काय, ताटात काय

पुण्याहून किंवा हैदराबादहून फाइल घेऊन सोलापूरला परतलेल्या घरात पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न निघतो. ‘डॉक्टर म्हणाले, हा मोटर न्यूरॉन डिसीज आहे, मुळापासून बरं करणारं औषध नाही. मग काही नैसर्गिक नाही का? एखादं जीवनसत्त्व, एखादी मुळी, काही पथ्य?’ मग फोन सुरू होतात. आत्याबाई अश्वगंधा सांगतात, शेजारचे काका गुळवेल. नव्या पेठेतून बी-कॉम्प्लेक्स येतं, भाचा मोबाइलवर परदेशी कॅप्सूल शोधून काढतो.

या प्रश्नाला हसण्यासारखं काही नाही. उपाय नसलेल्या आजारात माणूस शोधणारच. समाधानाची गोष्ट अशी, की यातल्या बऱ्याच गोष्टी शेकडो रुग्णांवर शिस्तीने तपासल्या गेल्या आहेत आणि त्यांची उत्तरं मिळाली आहेत. ती घरापर्यंत पोचत नाहीत, एवढीच अडचण आहे.

1. नेमकं बिघडतं काय?

हालचालीचा हुकूम मेंदूतून स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत जातो. पहिली पेशी मेंदूत असते आणि तिचा लांब तंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो. तिथे दुसरी पेशी तो हुकूम घेते आणि आपल्या तंतूतून थेट स्नायूला देते. कमरेकडून पावलापर्यंत जाणारा हा तंतू मीटरभर लांब असू शकतो. या दोन्ही पेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. वरची पेशी खराब झाली की हातपाय ताठरतात. खालची झाली की स्नायू वाळतो आणि कातडीखाली मांस आपोआप फडफडताना दिसतं. दोन्ही एकत्र बिघडतात तो या गटातला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, एएलएस.

यंत्रमागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे चटकन उमगेल. माग ठणठणीत आहे, सूत भरलेलं आहे, पण बोर्डापासून मागापर्यंतची तार जळत चालली आहे. अशा वेळी सूत कितीही भरा, तेल कितीही घाला, धोटा हलत नाही. प्रोटीनची पावडर आणि ताकदीची टॉनिकं हे सूत आणि तेल आहे. खरा बिघाड तारेत आहे.

तार का जळते? शेकडा पाच ते दहा रुग्णांत आजार घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांत एकच एक कारण हाती लागलेलं नाही. बहुतेक सगळ्यांच्या पेशींत टीडीपी-43 नावाचं प्रथिन चुकीच्या जागी साचलेलं सापडतं, हे 2006 मध्ये कळलं. आपल्याकडे हा आजार तुलनेने लवकर गाठतो. बेंगळुरूच्या निम्हान्सने 30 वर्षांतल्या 1,153 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचं सरासरी वय सुमारे 46 होतं. म्हणजे घर चालवणारा माणूसच खाटेला लागतो.

औषधांत रिलुझोल हे सगळ्यांत जुनं. अमेरिकेत त्याला 1995 मध्ये मान्यता मिळाली. ते आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. पुढे ज्या गोळ्यांचा हिशेब येईल, तो या मोजपट्टीवर पाहायचा.

2. आधी निदान पक्कं

पूरक गोळ्यांचा खरा उपयोग कुठे होतो? जिथे आजार मोटर न्यूरॉनचा नसून त्यासारखा दिसणारा दुसराच असतो तिथे. म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन 441 पुरुषांचं रक्त तपासलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या 67 टक्के पुरुषांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांत. बी-12 आपल्याला दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. पक्क्या शाकाहारी घरात, आणि दूधही बेताचंच घेणाऱ्या माणसात, ते कमी असणं नवल नाही. बी-12 फार घटलं की मज्जारज्जू बिघडतो, पाय ताठरतात, तोल जातो. हा बिघाड वेळेवर इंजेक्शनं दिली तर थांबतो आणि बऱ्याच अंशी सुधारतो. ओळखायची एक खूण आहे. बी-12 च्या कमतरतेत मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात स्पर्श सहसा शाबूत राहतो. पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा.

दुसरं उदाहरण झिंकचं. कोविडच्या काळात घराघरांत झिंकच्या गोळ्या आल्या. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने झिंक घेतलं तर आतड्यातून तांबं शोषलं जात नाही. तांबं घटलं की मज्जारज्जू आणि नसा दोन्ही दुबळ्या होतात, म्हणजे पूरक गोळीनेच चाल बिघडते. बी-6 फार झालं तरी नसा बधिर होतात. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत तेच बी-6 असतं आणि बेरीज कुणी करत नाही.

तिसरं, विशी-बाविशीतल्या मुलाचा एकच हात वाळत जाणं. याला हिरायामा आजार म्हणतात. 1959 मध्ये जपानात त्याचं पहिलं वर्णन झालं. 1984 मध्ये डॉ. गौरी-देवी यांनी बेंगळुरूहून भारतातले असे रुग्ण नोंदवले आणि त्याला मोनोमेलिक अमायोट्रॉफी हे नाव दिलं. हा आजार काही वर्षं वाढतो आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतो. त्या काळात मुलगा जो काढा घेत असेल, श्रेय त्या काढ्याला जातं.

3. ‘अमक्याला गुण आला’ याचा अर्थ

आजार किती पुढे गेला हे मोजायला जगभर 48 गुणांची एक पट्टी वापरतात. बोलणं, गिळणं, लिहिणं, जिना चढणं, श्वास असे बारा प्रश्न, प्रत्येकी चार गुण. एएलएसमध्ये साधारण महिन्याला एक गुण घटतो. पण ही घसरण सगळ्यांत सारखी नसते. जुन्या औषध-चाचण्यांतल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून 2016 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांचे गुण सहा महिन्यांत घटलेच नव्हते.

आता हिशेब करू. समजा आपण शंभर रुग्णांना गुळाचं पाणी औषध म्हणून दिलं. सहा महिन्यांनी पंचवीस जणांच्या घरी म्हणतील, ‘आजार जागेवर थांबला.’ प्रत्येकाने दहा जणांना सांगितलं तर अडीचशे लोकांपर्यंत गुळाच्या पाण्याची कीर्ती गेली. उरलेले पंचाहत्तर जण गप्प राहतील. सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी पाहिलेलं खरंच असतं, फक्त त्याचं कारण गूळ नसतो. म्हणून रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यायची, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही नाही, डॉक्टरांनाही नाही कळू द्यायचं. गोळीचं खरं तोलमाप असं होतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले डॉ. रिचर्ड बेडलॅक अशा दाव्यांचा प्रामाणिक माग काढतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. सोयाबीनमधल्या लुनासिन या घटकाने एका रुग्णाचं बोलणं-गिळणं परत आलं, असं कळल्यावर त्यांनी ते उडवून लावलं नाही. पन्नास रुग्णांना वर्षभर लुनासिन देऊन पाहिलं. आजाराचा वेग कमी झाला नाही.

4. बाटल्यांचा हिशेब

ई जीवनसत्त्व: फ्रान्समध्ये 289 रुग्णांना रिलुझोलच्या जोडीला रोज 1,000 मिलिग्रॅम किंवा पोकळ गोळी दिली (2001). आयुष्य वाढलं नाही. जर्मनीत 160 रुग्णांत मात्रा रोज 5,000 मिलिग्रॅमवर नेली (2005). तरीही फरक नाही.

क्रिएटिन: व्यायामशाळेत खपणारी हीच पावडर. 1999 मध्ये हा आजार असलेल्या उंदरांत तिने छान काम केलं. मग माणसांवर तीन चाचण्या झाल्या, 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये 175 रुग्णांवर, 2004 आणि 2008 मध्ये अमेरिकेत शंभराच्या थोडं वर रुग्णांवर. तिन्हींत काही हाती लागलं नाही.

को-एन्झाइम क्यू-10: 185 रुग्ण, रोज 2,700 मिलिग्रॅमपर्यंत, 2009. पुढची मोठी चाचणी करण्याइतकाही फायदा दिसला नाही.

टीयूडीसीए, म्हणजे पित्तातलं एक आम्ल: त्याच्या एका जोड-औषधाला अमेरिकेने सप्टेंबर 2022 मध्ये मान्यता दिली. 664 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत 2024 मध्ये ते नापास झालं आणि कंपनीने स्वतः बाजारातून काढून घेतलं.

उंदरात चालतं आणि माणसात का नाही? 2008 मध्ये एका अमेरिकी संस्थेने सत्तरहून अधिक औषधं हजारो उंदरांवर पुन्हा काटेकोरपणे तपासली. एकही टिकलं नाही. आधीचे बरेच ‘यशस्वी’ प्रयोग फार थोड्या उंदरांवर झाले होते. अश्वगंधेचे जे अभ्यास आपल्याला दाखवतात, तेही मुख्यतः उंदरांवरचेच आहेत. हळदीतल्या कर्क्युमिनवर माणसांत छोटे अभ्यास झाले आहेत. आशा वाटावी इतपत त्यांत आहे, खर्च करावा इतपत नाही.

‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?’ हे नेहमीचं वाक्य. मिनोसायक्लिन नावाचं जुनं, निरुपद्रवी समजलं जाणारं अँटिबायोटिक 2007 मध्ये 412 रुग्णांवर तपासलं गेलं. ज्यांना ते मिळालं त्यांचा आजार जास्त वेगाने वाढला. उंदरांत तेही चाललं होतं.

5. एक अपवाद, आणि त्याच्या अटी

मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12 चाच एक प्रकार. जपानमध्ये त्याच्या अतिशय मोठ्या मात्रेची चाचणी 130 रुग्णांवर झाली आणि 2022 मध्ये निकाल आला. सोळा आठवड्यांत पोकळ इंजेक्शन घेणाऱ्यांचे सरासरी 4.63 गुण घटले, खरं घेणाऱ्यांचे 2.66. सप्टेंबर 2024 मध्ये जपानने एएलएसवरचं औषध म्हणून त्याला मान्यता दिली.

ही बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. पण तिच्या अटी वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. मात्रा 50 मिलिग्रॅम, स्नायूत इंजेक्शन, आठवड्यातून दोनदा. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत 1,500 मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम असतं. एका इंजेक्शनइतकं औषध भरायला अशा तेहतीसहून जास्त गोळ्या लागतील, आणि तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेतलं शेकडा एकाच्या आसपासच रक्तात उतरतं. शिवाय चाचणीत लक्षणं सुरू होऊन वर्ष न उलटलेलेच रुग्ण घेतले होते. त्याआधीच्या 373 रुग्णांच्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नव्हता. लवकर आलेल्यांत तो असावा असं वाटलं, म्हणून ही दुसरी चाचणी केली गेली. तेव्हा निदान नवं असेल तर न्यूरॉलॉजिस्टना याबद्दल याच भेटीत विचारा. दोन वर्षं झाली असतील तर या इंजेक्शनासाठी कर्ज काढू नका.

6. नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

मोटर न्यूरॉन मारणारा एक पदार्थ आपल्याच महाराष्ट्रात शेतात उगवतो. पूर्व विदर्भात भाताच्या मागे लाखोळी घेतात. तिच्या दाण्यात ओडीएपी हे विष असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीच मुख्य अन्न झालं की मेंदूकडचे मोटर न्यूरॉन मरतात आणि धडधाकट माणसाचे पाय कायमचे ताठरतात. या पांगळेपणाला लॅथिरिझम म्हणतात. म्हणूनच 1961 मध्ये केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. भिजवून, उकळून, पाणी फेकून दिलं की विष बरंच कमी होतं, आणि कमी विषाचे वाणही आता निघाले आहेत. पण वनस्पती आहे म्हणून ती चेतापेशीला सांभाळेलच, असं काही नाही.

गुळवेलीचं उदाहरण अलीकडचं. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणसात हे क्वचित घडत असेल. पण रिलुझोल घेणाऱ्याचं यकृत आधीच त्या औषधाचा भार वाहत असतं, म्हणून तर त्याला रक्ततपासणी करायला सांगतात. यकृत बिघडलं तर रिलुझोलच बंद करावं लागतं, म्हणजे थोडा का होईना खात्रीचा फायदा हातचा जातो.

भस्मांबाबत जास्तच सावध राहा. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेत झाली (2008). पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं स्वतःच मोटर नसा दुबळ्या करतं. वैद्यांकडे जायचंच असेल तर पदवीधर वैद्यांकडे जा, घटक लिहून घ्या आणि तो कागद न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. कोमट तेलाचं हलकं मालिश आणि घरच्यांनी रोज सांधे हळूहळू फिरवून देणं यांनी आखडलेपणा आणि दुखणं कमी वाटतं. ते जरूर करा.

दुकानात बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि मज्जासंस्थेचे विकार किंवा पक्षाघात बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. तशी जाहिरात करणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडत असतो.

7. ताट

या आजारात वजन घटणं हे वाईट लक्षण आहे. ज्यांचं वजन जास्त घटतं, त्यांचं आयुष्य कमी भरतं. हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घास उचलायला हात चालत नाही, चावून जबडा थकतो, ठसक्याच्या भीतीने माणूस कमी जेवतो. वर काहींचं शरीर नुसतं पडून राहूनही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं. त्यातच घरचे ‘पथ्य’ सुरू करतात. तेल बंद, तूप बंद, संध्याकाळी नुसतं सूप. याइतकी चुकीची गोष्ट नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी मोडणं जिवावर येतं हे मी समजू शकतो, पण या रुग्णाने उपास करू नये.

जर्मनीत 201 रुग्णांच्या चाचणीत रोज सुमारे 400 कॅलरी जास्तीच्या, स्निग्ध पदार्थांतून दिल्या (2020). सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर आयुष्य ठळकपणे वाढलं नाही. ज्यांचा आजार वेगाने वाढत होता, त्यांच्यात मात्र फायदा झालेला दिसला. पुरावा पक्का नसला तरी दिशा वजन राखण्याचीच आहे.

या 400 कॅलरी सोलापूरच्या स्वयंपाकघरात कशा भरतात ते पाहा. चार चहाचे चमचे तूप म्हणजे 20 ग्रॅम, 180 कॅलरी. मूठभर शेंगदाणे, 30 ग्रॅम, 170 कॅलरी. सायीसकट म्हशीचं दूध अर्धा पेला, शंभरेक कॅलरी. झाल्या साडेचारशे. महागड्या डब्याची गरज पडली नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

अडचण पुढे आहे. आपलं आवडतं जेवण गिळायला सगळ्यांत अवघड. कडक भाकरीचा तुकडा घशात टोचतो. शेंगाची सुकी चटणी भुरभुरते आणि श्वासनलिकेत जाते. पातळ आमटीत डाळीचे दाणे, म्हणजे तोंडात पाणी आणि चोथा एकाच वेळी, आणि दुबळ्या जिभेला ते दोन्ही सांभाळता येत नाही. पाणी तर सगळ्यांत धोक्याचं, कारण ते घसा तयार होण्याआधीच खाली पळतं. म्हणून अन्न मऊ आणि एकजीव हवं. ज्वारीच्या पिठाची ताक घालून शिजवलेली दाट आंबील उत्तम. मालदांडीची ताजी भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढून वर तूप. शेंगदाणे लोण्यासारखे बारीक वाटून सायीच्या दह्यात. मऊ शिजवून घोटलेला दहीभात. कुस्करलेलं केळं.

जेवताना ताठ बसवा आणि घास गिळताना हनुवटी छातीकडे झुकवायला सांगा. बऱ्याच जणांना याने सोपं जातं. तांब्या उंच धरून वरून पाणी पिण्याची आपली सवय इथे पूर्ण बंद. मान मागे गेली की पाणी श्वासाच्या वाटेने जातं. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. 60 किलोचा माणूस 54 वर आला म्हणजे दहा टक्के गेले. तिथपर्यंत वाट पाहायची नाही, 57 लाच डॉक्टरांशी बोला.

8. श्वास आणि नळी

छातीचे स्नायू दुबळे झाले की आधी झोप बिघडते. सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, आडवं झाल्यावर धाप लागते. याला रात्री तोंडावर मास्क लावून हवा देणारं बायपॅप यंत्र हा उपाय. ब्रिटनमध्ये 41 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2006) ज्यांचं गिळणं-बोलणं बऱ्यापैकी शाबूत होतं, ते या यंत्रावर साधारण 205 दिवस जास्त जगले आणि बरे जगले. वर सांगितलेल्या एकाही बाटलीने इतकं दिलेलं नाही. समजा घरात पूरक गोळ्यांवर महिन्याला 3,000 रुपये जातात. वर्षाचे 36,000 झाले. तो पैसा आधी या यंत्रासाठी बाजूला काढा. फुप्फुसांची फुंकण्याची चाचणी छातीच्या डॉक्टरांकडे होते, ती दर तीन महिन्यांनी करून घ्या.

त्याच चाचणीवर पोटातल्या नळीची वेळही ठरते. तोंडाने पुरेसं जात नसेल तर पोटावरून थेट जठरात बसवलेली नळी वजन राखते. फुप्फुसांची ताकद अपेक्षेच्या निम्म्यावर येण्याआधी ती बसवणं जास्त सुरक्षित. ‘नळी म्हणजे शेवट’ असं समजून घरं थांबतात, आणि मग भूल द्यायलाच धोका वाढतो. नळी बसली तरी झेपेल तोवर चवीपुरतं तोंडाने खाता येतं. आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून घरचं अन्नही नळीतून देता येतं, मात्र ते बारीक वाटून कापडातून गाळलेलं हवं. ज्वारीचा कोंडा राहिला तर नळी तुंबते. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साधं पाणी सोडून ती धुवायची आणि अन्न दिल्यावर अर्धा-पाऊण तास रुग्णाला आडवं करायचं नाही.